बॅग न उघडता सांगा

नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या शाळेत भूगोलाला एक बाई होत्या. त्यांच्याबद्दल माझं मत विचाराल, तर पहिली काही वर्षं एकच होतं: या बाईंना कोणीतरी आवरलं पाहिजे. पुढे ते मत बदललं. आवरता येण्यातल्या नव्हत्याच त्या.

मी गणिताचा माणूस. वेळेवर येणं, पायऱ्या मांडून लिहिणं, उत्तराखाली रेघ मारणं, यावर माझा जीव. आणि नेमका माझा वर्ग बाईंच्या वर्गाला लागून. मधली भिंत नावालाच होती. एखादा पोरगा तिकडे उठायचा आणि विचारायचा, "बाई, पाणी पिऊन येऊ?"

"तहान कोणाला लागलीय?"

"मला."

"मग मला काय विचारतोस?"

झालं. एक उठला की मागोमाग निम्मा वर्ग पाण्याला. माझं बीजगणित इकडे ऐन रंगात, आणि व्हरांड्यात जत्रा. मी तक्रार करायला गेलो की त्या शांतपणे म्हणायच्या, "सर, नवाला पाच कमी असताना कोणाला तहान लागते हे मला कसं कळणार?" मी परत येऊन वर्गाचं दार लावून घ्यायचो.

राहायला पंचवटीत. नेसायला सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट, बारा महिने. कोणी 'मॅडम' म्हटलं की त्या मागे वळून बघायच्या, आणखी कोणी उभी आहे का ते. खांद्याला एक कापडी पिशवी, आणि त्या पिशवीत भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा. या शेंगांचं काय प्रकरण आहे ते मला फार उशिरा कळलं. बाईंचं म्हणणं होतं की शिक्षकाचं तोंड रिकामं राहिलं की त्यातून सल्ला बाहेर पडतो. म्हणून सल्ला द्यावासा वाटला की त्या एक शेंग फोडायच्या आणि दाणा तोंडात टाकायच्या. टरफल पिशवीतच परत. रस्त्यावर टाकलेलं मी कधी पाहिलं नाही.

दर दिवाळीच्या सुट्टीत बाई नववीची पोरं घेऊन परदेशी मोहिमेला जायच्या. मोहीमच म्हणायच्या, सहल म्हटलेलं चालत नसे. आमच्या पालकांना परदेश म्हणजे दुबई, सिंगापूर, उंच इमारतीपुढे फोटो. बाई न्यायच्या नेपाळच्या नाहीतर व्हिएतनामच्या कुठल्या तरी डोंगरातल्या गावात. तिथल्या शाळेच्या वर्गात झोपायचं, आपला स्वयंपाक आपण करायचा, आपलं ओझं आपण उचलायचं, आणि त्या शाळेचं एखादं काम करून द्यायचं. कुठे भिंत रंगवायची, कुठे पाण्याची टाकी बसवायची. रोज एक पोरगा किंवा पोरगी म्होरक्या. त्या दिवशीचा रस्ता, गाडी, जेवण, सगळं त्याच्या डोक्यावर. मोठ्या माणसांनी हाकेच्या अंतरावर मागून चालायचं आणि रक्त किंवा आग दिसल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

मुख्याध्यापकांनी माहितीपत्रक छापायला घेतलं होतं. त्यात होतं: नेतृत्व, निर्णयक्षमता, संघभावना इत्यादी जीवनकौशल्यांचा विकास. बाईंनी ते खोडून वर लिहिलं, 'मुलं चुकतील.' मुख्याध्यापकांनी मुकाट्याने पहिला मजकूर परत घातला.

पालकसभेत मीच एकदा उठून विचारलं होतं. म्हटलं, "बाई, रस्ता चुकायलाच शिकवायचं तर इतका खर्च कशाला? पंचवटीच्या गल्ल्या काय कमी आहेत?"

"पंचवटीत चुकलं की कोणीतरी भेटतं, सर. मामा, काका, वडिलांचा मित्र. हाताला धरून घरी आणून सोडतो. जिथे आपल्याला ओळखणारं एकही माणूस नाही, तिथे एकदा तरी चुकून बघावं लागतं. त्यासाठी सरहद्द ओलांडायची."

पोरांची तयारी मात्र त्या पंचवटीतच करून घ्यायच्या. रविवारी सकाळी भाजीबाजारात पोरांना सोडायचं आणि सांगायचं, चौघांच्या जेवणाची भाजी आणा. मराठी, हिंदी, इंग्रजी, काही बोलायचं नाही, हातवारेच. परदेशात तुमची भाषा कोण समजणार, म्हणून हा सराव. भाजीवाल्या मावशी इतक्या सरावल्या होत्या की पोरं लांबून दिसली की हाक द्यायच्या, "आली बघा मुक्यांची शाळा." आणि मुद्दाम भाव वाढवून सांगायच्या. एका पोराने कोथिंबीर मागायला जे काही हातवारे केले, ते बघून मावशींनी त्याला झाडू दिला.

एका वर्षी श्रीलंका ठरलं. सभेत एक आजोबा उठले आणि मिश्कीलपणे म्हणाले, "बाई, पंचवटीतून लंकेला गेलं की पुढे काय होतं, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे ना. पण सीतामाईला कोणी विचारलं नव्हतं. मी प्रत्येकीला विचारून नेतेय. आणि परतीचं तिकीट काढलंय."

त्या वर्षी आमच्या पीटीच्या सरांचा पाय मोडला आणि दुसरा मोठा माणूस म्हणून माझी वर्णी लागली. मला कोणी विचारलं नव्हतं, हे इथे नमूद करतो.

निघायच्या आधी बाईंच्या गच्चीवर बॅगांची परीक्षा असे. सगळ्या मोहिमेत ही गोष्ट मला एकदम पटली होती. प्रत्येकाने आपली बॅग बंद करून पुढ्यात ठेवायची आणि न उघडता सांगायचं, आत काय आहे आणि कुठल्या कप्प्यात. जे सांगता आलं ते बरोबर न्यायचं. जे सांगता आलं नाही ते काढून घरी परत. आई-वडील भोवती बसून बघायचे, बोलायची मुभा नाही.

श्रेयस नावाचा आमचा हुशार विद्यार्थी, वर्गात कायम पहिला. तो उभा राहिला आणि म्हणाला, "कपडे." थोडा विचार करून म्हणाला, "अजून कपडे." बाईंनी बॅग उघडली. चकल्यांचा डबा, चिवडा, करंज्या, गरम पाण्याची पिशवी, आणि तळाशी एक लहानसा कुकर. सगळं आईने भरलेलं. आईकडे बघवत नव्हतं. कुकर घरी गेला, चिवडाही गेला, श्रेयस जवळजवळ रिकामी बॅग घेऊन उभा राहिला.

मग मोनाली उठली. ही नामपूरची. वडिलांची तिथल्या बाजारात कांद्याची आडत, शेतकऱ्यांचा माल तोलून विकून द्यायची. त्यांना सगळे नाना म्हणत. पोरगी शिकायला मामाकडे, इंदिरानगरात ठेवलेली. तिने घडाघडा सांगितलं: वरच्या कप्प्यात टॉर्च आणि दोरी, डावीकडे औषधं, उजवीकडे लसणाची चटणी, मधे दोन ड्रेस, तळाला स्वेटर, स्वेटरच्या आत गुंडाळून साबण. बाईंनी उघडून पाहिलं. एक वस्तू इकडची तिकडे नव्हती.

नानांची छाती फुगली होती. श्रेयसच्या कुकरला ते मनापासून हसले होते. "मॅडम, नियम लय भारी हाय तुमचा," म्हणाले. बाईंनी सवयीने मागे वळून पाहिलं. नाना पुढे म्हणाले, "पण माझाबी एक नियम हाय. रोज सांजच्याला सात वाजता पोरीचा फोन आला पाहिजे. ज्या दिवशी आला नाय, त्या दिवशी शाळा संपली. मी पोरीला नामपूरला नेणार. मंग तिथं जे व्हईल ते शिक्षण."

मोनालीचा चेहरा उतरला. तिला पुढे इंजिनिअर व्हायचं होतं, हे मला ठाऊक होतं, कारण गणितात तिचा हात धरणारं वर्गात कोणी नव्हतं. नामपूरला परत गेली तर दहावीनंतर काय होणार हेही न कळण्याइतका मी दुधखुळा नाही. मला वाटलं आता बाई नानांना चार शब्द सुनावतील. बाईंनी शेंग फोडली.

पोरांचे फोन घरी ठेवायचे असा दंडक होता. माझ्या फोनवर तिकडचं सिम टाकलं होतं, त्यावरून संध्याकाळी सगळ्यांची घरी बोलणी. पहिले काही दिवस सातच्या ठोक्याला मोनाली माझ्यासमोर हजर. मग तिचा म्होरक्याचा दिवस आला.

त्या दिवशी चहाच्या डोंगरातल्या एका गावी पोचायचं होतं. बस तिने बरोबर शोधली. कंडक्टर खाणाखुणांनी सांगत होता, बसून राहा, शेवटपर्यंत चला, तिथून दुसरी गाडी. तेवढ्यात एक फाटा आला आणि गावाच्या नावाची पाटी दिसली. मोनाली उठली आणि म्हणाली, "उतरा रे सगळे. फाटा आला."

आता बघा, आपल्याकडचं कोणतंही पोर हेच करणार. फाटा म्हटलं की गाव जवळ. फाट्यावर चहाची टपरी, टपरीपाशी काळी-पिवळी, माणसं भरली की निघाली. नामपूरच्या पोरीने सगळा जन्म फाट्यावरच उतरून काढलेला. कंडक्टर बिचारा दोन्ही हातांनी नको नको करत होता. आम्ही उतरलो. बस गेली. टपरी नाही, काळी-पिवळी नाही, माणूस नाही. चहुबाजूंनी चहाचे मळे, वर ढग, आणि गाव डोंगराच्या पार पलीकडे. माझ्या फोनवर नेटवर्कची एक रेघ नव्हती. त्यात जळवा. एक पोरगी पायाला चिकटलेली जळू बघून रडायला लागली. श्रेयस म्हणाला, "वा, छान लीडर आहे आपली." दोघांनी त्याला दुजोरा दिला.

मोनाली बॅगेवर बसली. तोंड पांढरं पडलेलं. दुपार टळत चाललेली, आणि सात वाजता काय होणार हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. मला राहवेना. बाई याआधी त्या गावात येऊन गेल्या होत्या, रस्ता त्यांना पाठ होता. मी त्यांच्याकडे वळलो आणि दातओठ खात म्हणालो, "बाई, आता पुरे. त्या पोरीच्या शाळेचा प्रश्न आहे." बाईंनी माझ्या हातावर मूठभर शेंगा ठेवल्या.

"खा, सर."

खरं सांगतो, त्या क्षणी मला त्या बाईंचा मनस्वी राग आला होता. शेंगा फेकून द्याव्यात असं वाटलं. पण खाल्ल्या.

थोड्या वेळाने मोनाली उठली. आधी तिने स्वयंपाकाच्या सामानातलं मीठ रडणाऱ्या पोरीच्या पायावर लावून जळू काढली. मग श्रेयसला म्हणाली, "हो, मी चुकले. नंतर भांड. आधी इकडे बघ." खालच्या मळ्यात बायका पाठीवर चहाच्या पानांच्या पिशव्या घेऊन एका पत्र्याच्या शेडकडे निघाल्या होत्या. "तिथे माल तोलतात," मोनाली म्हणाली. "माल तोलला म्हणजे न्यायला गाडी येणारच. ती कुठे जाते ते विचारू."

आडत्याची पोर ती. खाली गेली आणि पंचवटीच्या बाजारातले सगळे हातवारे तिने तिथे वापरले. झोप, शाळा, डोंगर, आम्ही इतके जण. श्रेयसने मातीत काठीने चित्र काढून तिला साथ दिली. त्या बायका आधी हसून हसून बेजार झाल्या, मग त्यांना कळलं. त्यांची घरं त्याच गावाच्या अंगाला होती. पानांच्या ट्रॅक्टरवर आमच्या बॅगा चढल्या आणि त्या बायकांच्या मागून आम्ही आडवाटेने चालू लागलो. एका मावशीने मोनालीच्या डोक्याला आपलं फडकं बांधलं. अंधार पडता पडता गावात पोचलो. शाळेच्या गुरुजींनी भात रांधून ठेवला होता. पोरं त्या भातावर अशी तुटून पडली की बस. मोनाली मात्र माझा फोन हातात घेऊन अंगणभर फिरत होती. नेटवर्क नव्हतंच.

सकाळी टेकाडावर चढल्यावर एक रेघ आली आणि लगेच फोन वाजला. नानाच होते. रात्रीतून शाळेत, मामाकडे, सगळीकडे हलकल्लोळ झाला होता.

"कोठे शे तू? काय व्हयनं?"

मी मोनालीला खुणेने सांगत होतो: नेटवर्क नव्हतं म्हण. खोटंही नव्हतं ते. पण तिने सरळ सांगून टाकलं, "नाना, मी रस्ता चुकले. माझ्यामुळे सगळेच चुकले." आणि पुढचं सांगायच्या आत पलीकडून फोन ठेवला गेला. मामाचा निरोप नंतर आला: नाना मुंबईच्या विमानतळावर येणार आहेत, तिथूनच मोनालीला घेऊन जातील.

उरलेले दिवस ती पोरांच्या बरोबरीने शाळेची भिंत रंगवत होती. मी बाईंशी अबोला धरला.

मुंबईला बाहेर आलो तर आमच्या बसच्या मागे नानांची पिकअप उभी. मागे दोरीने बांधलेली मोनालीची ट्रंक. मामाकडचं सगळं सामान त्यात आलं होतं.

"बस गाडीत," नाना म्हणाले.

मोनाली वाकून त्यांच्या पाया पडली आणि उभी राहून अहिराणीत सांगू लागली. मला निम्मंच कळत होतं. फाटा, जळवा, पानांची तोलाई, ट्रॅक्टर. रडत नव्हती, आवाज चढवत नव्हती. आपण कुठे चुकलो तेही गाळलं नाही. नाना दोरीवर हात ठेवून ऐकत होते. ऐकून झाल्यावर ते बाईंकडे आले.

"मॅडम, पोरगी चुकली तवा तुम्ही कुठं व्हत्या?"

"तिच्या मागे. हाकेच्या अंतरावर."

"मंग बोलल्या का नाय?"

"तिने हाक मारली नाही."

"रस्ता ठाऊक व्हता तुम्हाला?"

"होता."

"अन् गप बसल्या?"

बाईंनी खांद्यावरची पिशवी उतरवली आणि नानांपुढे उघडून धरली. पिशवी टरफलांनी गच्च भरली होती. "एवढं जड गेलं," त्या म्हणाल्या. मी पिशवीत डोकावलो आणि इतके दिवस धरलेला अबोला माझा मलाच जड झाला. मला वाटलं होतं, या बाईंना काही वाटतच नाही.

मग बाईंनी, माझ्या माहितीत पहिल्यांदाच, न विचारता तोंड उघडलं.

"नाना, ट्रंक कोणी भरली?"

"हिच्या मामीनं."

"मोनाली, ट्रंकेत काय आहे? न उघडता सांग."

मोनालीने ट्रंकेकडे पाहिलं. "ठाऊक नाही, बाई."

नानांना गच्चीवरची ती सकाळ आठवली असणार, कारण त्यांनीच पुढचं वाक्य पुरं केलं. "जे सांगता येत नाय ते घरी जातं."

"हो," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी एक शेंग फोडली.

"अन् पोरगी?"

याचं उत्तर बाईंनी दिलं नाही. मोनालीने दिलं. "नाना, मी नाशिकला जाते. माझं सगळं माझ्या पाठीवर आहे. सोमवारी शाळा आहे."

नानांनी हात पुढे केला. "पासपोर्ट दे इकडं." तिने दिला. त्यांनी तो शर्टाच्या खिशात घातला, वरून बटण लावलं. "शिक. पण हे देशाबाहेर हिंडणं पुन्यांदा नाय." आणि गाडीत बसले. ट्रंक खडखडत नामपूरला गेली आणि मोनाली आमच्या बसमध्ये येऊन बसली. कसारा आल्यावर श्रेयसने सगळ्यांत आधी तिला आपला बिस्किटाचा पुडा दिला.

बाई आता निवृत्त झाल्यात. मोहीम मी नेतो. हाकेच्या अंतरावर मागून चालतो, आणि माझ्या खिशात शेंगा असतात. पालक विचारतात, एवढ्या लांब नेऊन पोरांना मिळतं काय? मी छातीठोकपणे सांगतो, चुकल्यावर काय करायचं ते मिळतं. घरात राहून ते मिळत नाही, कारण घरात आपण त्यांना चुकूच देत नाही. हे वाक्य बाईंचं नाही, माझं आहे. मला ते कसाऱ्याच्या घाटात सुचलं.

पण ट्रंकेचं राहिलंच. त्या हिवाळ्यात एका रविवारी मी बाईंकडे गेलो होतो. पुढच्या वर्षीची मुक्यांची शाळा मी चालवायला घेतली होती. खाली पिकअप थांबली. नाना ट्रंक डोक्यावर घेऊन जिना चढून आले, ती बाईंपुढे ठेवली, आणि तिच्यावर हात ठेवून उभे राहिले.

"बाई, विचारा," नाना म्हणाले. मॅडम नाही, बाई म्हणाले.

"कोणी भरली?"

"मी सोता." आणि डोळे मिटून सांगू लागले. "वरती गणिताची पुस्तकं. डाव्या बाजूला तिळाची चटणी, तिच्या आईनं केलेली. उजव्या बाजूला दोन ड्रेस, एक शाळेचा. मधी उबदार चादर. चादरीच्या घडीत मिठाची पुडी, जळवांसाठी." इथे ते थांबले. डोळे उघडले. "अन् तळाला, पेपरच्या खाली, तिचा पासपोर्ट."

बाई काहीच बोलल्या नाहीत. मी नीट बघितलं, त्यांच्या तोंडात दाणा नव्हता.